दुसऱ्या आवृत्तीवरची माणसं

काकांच्या बाहेरच्या खोलीच्या दाराला आतल्या बाजूनं एक मोठा ड्रॉइंगचा कागद चिकटवलेला होता. दार उघडं असलं की तो भिंतीकडे तोंड करून असायचा, त्यामुळे आल्यागेल्याला दिसत नसे. काम सुरू करायचं म्हणजे आधी दार लावायचं. कागदावर डावीकडे वरून खाली आमच्या फोरमच्या सॉफ्टवेअरच्या आवृत्त्या होत्या. वर आडव्या रांगेत, ज्या संगणकी भाषेत तो लिहिला होता तिच्या आवृत्त्या, आणि त्यापुढे डेटाबेसच्या. कुठली कुठलीबरोबर नांदते, ते प्रत्येक चौकटीत पेन्सिलीनं लिहिलेलं असे. बरोबरची खूण म्हणजे चालतं, फुली म्हणजे चालत नाही, आणि टिंब म्हणजे माहीत नाही. त्यांना फुलीपेक्षा टिंबाची भीती जास्त वाटायची. "फुली दिसली की माणूस थांबतो," ते म्हणायचे. "टिंबावर मात्र बिनधास्त पाय टाकतो."

गेल्या हिवाळ्यात ते गेले. दिल्लीच्या द्वारका भागातल्या त्यांच्या सोसायटीच्या हॉलमध्ये शोकसभा झाली. मंत्रालयातले जुने सहकारी त्यांच्या शिस्तीबद्दल बोलले, मराठी मंडळाचे कार्यवाह साधेपणाबद्दल. काकूंनी दोनदा माझ्याकडे पाहिलं. मला उठता आलं नाही. चाळीस माणसांपुढे त्या दारामागच्या कागदाबद्दल काय सांगायचं, ते सुचेना. म्हणून आता सावकाश लिहिते आहे.

शतक बदलून चार-पाच वर्षं झाली होती. गुडगाव तेव्हा गुडगावच होतं, रोज एक नवी काचेची इमारत उभी राहत होती आणि त्यातल्याच एकीच्या सातव्या मजल्यावर मी नोकरी करत होते. सोलापूरहून आलेली, कमी बोलणारी मुलगी. शनिवार-रविवार काय करायचं ते कळत नसे, म्हणून मी फुकट वाटल्या जाणाऱ्या एका फोरमच्या सॉफ्टवेअरच्या कामात शिरले. फोरम म्हणजे वेबसाइटवरचा पार. एकानं प्रश्न लिहायचा, बाकीच्यांनी खाली उत्तरं लिहायची, आणि ते सगळं वर्षानुवर्षं तिथंच राहायचं. तो बनवणारी माणसं देशोदेशी विखुरलेली होती, कुणी कुणाला पाहिलेलं नव्हतं. जुन्या आवृत्तीवरचा फोरम नव्या आवृत्तीवर कसा न्यायचा, एवढाच एक कोपरा दिल्लीतला एक मराठी माणूस सांभाळत होता. मी त्यांना ईमेलनं चार ओळींचा प्रश्न विचारला. तीन पानांचं उत्तर आलं. शेवटी लिहिलं होतं, रविवारी द्वारकेला या, प्रत्यक्ष दाखवतो. त्याखाली, बहुधा बराच विचार करून, आणखी एक ओळ होती: घरी पत्नी असते.

मी गेले. दारात मी त्यांना सर म्हटलं. ते म्हणाले, सर मंत्रालयात, इथं काका म्हण. मग हात पुढे करून माझी चप्पल कुठं ठेवायची ती जागा दाखवली. पुढच्या सगळ्या वर्षांत ती जागा बदलली नाही.

कुठलीही गोष्ट आधी सांगितल्याशिवाय बदलायची नाही, हा त्यांचा नियम होता. सॉफ्टवेअरमध्ये तो आम्ही सगळेच पाळत होतो. एखादी सोय काढायची असेल तर एका आवृत्तीत इशारा द्यायचा, पुढच्या आवृत्तीत काढायची. काका तो नियम घरातही पाळायचे. एकदा मी बसलेली असताना दूधवाला आला. काका त्याला म्हणाले, "भैया, दिवाली के बाद से एक ही पैकेट." दूधवाल्यानं पिशवी खाली ठेवली आणि म्हणाला, "साहब, अभी तो होली भी नहीं आई." काका म्हणाले, इसीलिए तो अभी बता रहा हूँ. साखर सोडायची ठरवली तेव्हाही गणपतीत जाहीर केलं आणि संक्रांतीला सोडली. मधल्या काळात चहा बिनसाखरेचा यायचा आणि शेजारी साखरेची वाटी असायची. ती वाटी पाहुण्यांनाही लागू होती.

काकू हे सगळं डोळ्यांनी हसत बघायच्या. एकदा मला म्हणाल्या, "लग्नाला हो म्हणायचंय हेसुद्धा ह्यांनी मला सहा महिने आधी कळवलं होतं. केस गेले तेव्हा मात्र काही इशारा नव्हता हो."

काकांनी डोक्यावरून हात फिरवला. "ते माझ्याकडे नव्हतं. ते वरच्या टीमनं काढलं."

असे विनोद ते क्वचित करायचे. एरवी माणूस काळजीतच असायचा. फोन उचलला की कशी आहेस असं विचारत नसत. "सगळं उघडतंय ना?" असं विचारायचे. कुठंतरी, कुणाच्या तरी गावात, सकाळी उठून कुणीतरी फोरम उघडायला जाईल आणि तो उघडणार नाही, हे चित्र त्यांच्या डोळ्यांपुढे कायम असायचं. परदेशातली मंडळी आमच्या सामाईक ईमेल-यादीवर लिहायची की अमुक आवृत्ती आता कुणी वापरत नाही, ती सोडून देऊ या. काकांचं उत्तर ठरलेलं होतं: कुणीतरी अजून तिथंच आहे. आणि मग ते तो कुणीतरी शोधून काढायचे. फिलिपीन्समधला पतंगवाल्यांचा एक फोरम त्यांनी असाच शोधला होता. त्यांना त्या माणसांची नावं पाठ होती.

बाहेरच्या खोलीत तीन जुने कॉम्प्युटर होते, काकूंच्या जुन्या साडीच्या कापडाची आच्छादनं घातलेले. प्रत्येकावर एकेक जुनी आवृत्ती. रविवारी सकाळी अंघोळ झाल्यावर ते तिन्ही सुरू करायचे. काकू त्यांना आमचे तीन सासरे म्हणायच्या. त्यातल्या सगळ्यात जुन्यावर, म्हणजे दुसऱ्या आवृत्तीच्या मशीनवर, एका मराठी फोरमची प्रत होती. मालकिणीची परवानगी घेऊन काकांनी ती चाचणीसाठी ठेवली होती.

तो फोरम थॅलेसेमिया असलेल्या मुलांच्या आयांचा होता. या मुलांना दर तीन-चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं, जन्मभर. लातूरकडच्या एका शिक्षिकेनं तो सुरू केला होता; तिचा स्वतःचा मुलगा त्यातला होता. कुठल्या रक्तपेढीत सकाळी किती वाजता उभं राहायचं, दिल्लीच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात आलात तर कुठल्या खिडकीवर कुठला कागद आधी मागतात, गोळी पोटात राहत नसेल तर काय करून बघायचं, असं सगळं त्यात होतं. बायका सायबर कॅफेत जाऊन लिहायच्या. शिक्षिकाबाईंचा एकच आग्रह होता: देवनागरीत लिहायचं. त्यामुळे बायका एकेक अक्षर शोधत, पण लांबलचक लिहायच्या. एकदा बसल्या की मनातलं सगळं लिहून उठायच्या.

हा फोरम अजून दुसऱ्या आवृत्तीवर होता. आणि तो ज्या सर्व्हरवर होता, त्या कंपनीनं कळवलं होतं की तीन महिन्यांनी जुनी संगणकी भाषा बंद होईल. त्यानंतर दुसरी आवृत्ती तिथं चालणार नाही. काकांनी दार लावून तक्ता पाहिला. तिसरी आवृत्तीही नव्या भाषेवर चालत नव्हती, तिथं फुली होती. चालणारी होती फक्त चौथी, जी अजून यायची होती. आणि परदेशातल्या मंडळींनी ठरवलं होतं की चौथीवर फक्त तिसरीवरून येता येईल. दुसरीसाठी वाट ठेवायची नाही, कारण दुसरीवर आता कुणी नाही.

काकांनी यादीवर त्यांचं नेहमीचं वाक्य लिहिलं. त्यावर उत्तर आलं की ठीक आहे, पण ती वाट बांधणार कोण, आणि चालते हे दाखवणार कोण? काकांनी लिहिलं, आम्ही. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आम्ही म्हणजे तू आणि मी. चालेल ना? नाहीतर आत्ताच सांग, अजून मागे घेता येईल."

मी हो म्हटलं. मला फार बरं वाटलं होतं.

ती वाट मी बांधली. दोन महिने लागले. काका रोज फोन करायचे आणि प्रत्येक वेळी मी न पाहिलेलं काहीतरी विचारायचे. सदस्याच्या नावात अवतरणचिन्ह असलं तर? दोन उत्तरं एकाच सेकंदाला आली असली तर? शेवटी शेवटी मला त्यांच्या प्रश्नांपासून सुटका हवी होती. चाचणीसाठी मी शे-दोनशे नोंदी तयार केल्या, लांब, भरपूर लांब, आणि सगळ्या नीट पार पडल्या. मी तक्त्यावरच्या त्या चौकटीतलं टिंब खोडलं आणि बरोबरची खूण केली. पेन्सिल सापडली नाही म्हणून बॉलपेननं केली. आयांच्या फोरमची प्रतही एकदा नेऊन बघ, असं काका म्हणाले होते. ती मी नेली, पहिली दोन पानं उघडून पाहिली, छोट्या छोट्या नोंदी होत्या, स्वच्छ दिसत होत्या.

चाचणीच्या नोंदी मी मराठीतच लिहिल्या होत्या, पण इंग्रजी अक्षरांत. दिल्लीत आम्ही सगळे मराठी एकमेकांना तसंच लिहायचो. ऑफिसातून, मोबाइलवरून, मंडळाच्या निरोपांतसुद्धा. दुसरं काही असतं हे त्या वेळी डोक्यातच आलं नाही. इंग्रजी अक्षराला मशीनमध्ये जेवढी जागा लागते, त्याच्या तिप्पट मराठी अक्षराला लागते. माझ्या वाटेवर मजकूर काही क्षण ज्या खणात ठेवला जायचा, तो खण इंग्रजीच्या मापाचा होता. लांब मराठी नोंद त्यात मावत नव्हती. जेवढी मावेल तेवढी राहायची, पुढची गळून जायची, आणि मशीन त्याबद्दल चकार शब्द काढत नव्हतं.

चौथी आवृत्ती आली. शिक्षिकाबाईंचा फोरम मी एका शनिवारी हलवला. काका त्या वेळी पुतणीच्या लग्नाला नागपूरला गेले होते. जाताना मला सांगून गेले होते की नवं सुरू झालं तरी जुनी प्रत तीन महिने हलवायची नाही. दुसऱ्याच दिवशी शिक्षिकाबाईंचा फोन आला की सर्व्हरवर जागा संपली म्हणतात, जुनी प्रत काढू का? काका उद्या सकाळी येणार होते. एक दिवस थांबा एवढंच मला म्हणायचं होतं. पण बाई मला ताई म्हणत होत्या, माझ्या कामाचं कौतुक करत होत्या, आणि मला ठाम बोलायचं होतं. मी म्हटलं, हो, काढा.

सोमवारी सकाळी मी सातव्या मजल्यावर माझ्या जागेवर बसले होते तेव्हा त्यांचा पुन्हा फोन आला.

"ताई, अहो, सगळ्या अर्ध्याच दिसतायत." आवाजात अजून राग नव्हता, गोंधळ होता. "एकजण विचारतेय, गोळी दुधातून द्यायची नाही असं लिहिलं होतं, मग कशातून द्यायची ते पुढे होतं. ते कुठंय?"

मी अर्धा दिवस रजा टाकून द्वारकेला गेले. काका त्याच सकाळी गाडीनं पोचले होते, बॅग अजून दारात होती. मी उभ्या उभ्या सांगितलं. त्यांनी मध्येच विचारलं, जुनी प्रत? मी म्हटलं, काढली, मीच सांगितलं काढायला. ते खुर्चीत बसले. मला वाटलं आता ओरडतील तर बरं.

मग ते उठून कॉम्प्युटरशी गेले आणि पहिल्यांदा फोरम वाचायला बंद केला. "अर्धं औषध वाचून कुणी दिलं तर?" ते म्हणाले. हे मला सुचलंच नव्हतं. तोवर मी फक्त माझ्या चुकीचाच विचार करत होते. त्यानंतर त्यांनी दार लावलं, तक्त्यावरची माझी बॉलपेनची खूण पाहिली आणि एवढंच विचारलं, "टिंब का नाही ठेवलंस?"

मी रबरानं ती खूण खोडायला गेले, पण बॉलपेनची शाई जाईना.

त्यांच्याकडची चाचणीची प्रत चार महिन्यांपूर्वीची होती. म्हणजे त्याआधीचं सगळं परत आणता येणार होतं. गेलेलं होतं ते चार महिन्यांतलं, एकशे बारा नोंदी. काकांनी मला सूचना लिहायला बसवलं. मी लिहिलं की तांत्रिक अडचणीमुळे काही मजकूर अपूर्ण दिसत आहे. त्यांनी वाचलं आणि कागद परत दिला. "अडचणीला नाव घाल. नाव नसलं की त्या बायकांना वाटेल, आपलंच काहीतरी चुकलं." मी माझं नाव घातलं. माझ्या निष्काळजीपणामुळे असं लिहिलं. कुणाकडे छापील कागद असतील तर पाठवा, अशी विनंती आणि द्वारकेचा पत्ता खाली दिला. बटण दाबलं, आणि बंद फोरमच्या जागी ती सूचना दिसायला लागली.

उत्तरं आली. एका वडिलांनी लिहिलं, दिल्लीत बसून तुम्ही प्रयोग करता, आमची मुलं काय प्रयोगशाळा वाटली का? काका म्हणाले, याला उत्तर देऊ नकोस, याचं बरोबर आहे. शिक्षिकाबाई दोन आठवडे माझ्याशी बोलल्या नाहीत.

पण पाकिटंही यायला लागली. त्या बायका सायबर कॅफेतून पानं छापून न्यायच्या हे आम्हाला ठाऊक नव्हतं. घरी कॉम्प्युटर कुणाकडेच नव्हता, मग वाचायचं कसं? पानं छापून, घडी करून, रुग्णालयाच्या फायलीत ठेवायच्या. तीच पानं आता द्वारकेला येऊ लागली. घड्यांवर विरलेली, हळदीचे डाग पडलेली, मागच्या बाजूला रक्ताच्या तपासणीचे आकडे लिहिलेली. एकीनं पाकिटात चिठ्ठी घातली होती: काम झाल्यावर परत पाठवा, माझ्याकडे हीच आहे.

सात रविवार आम्ही ती पानं पुन्हा भरली. काकू वाचून दाखवायच्या, काका दोन बोटांनी टाइप करायचे, मी ताडून बघायचे. काकांचा नियम कडक होता. तुटलेल्या मूळ नोंदीला हात लावायचा नाही. भरलेला मजकूर तिच्याखाली वेगळी नोंद म्हणून टाकायचा, आजच्या तारखेची, आणि कुणाच्या कागदावरून घेतला ते लिहायचं. बायकांच्या चुकासुद्धा तशाच ठेवायच्या. काकू म्हणाल्या, अहो, इथं ही 'पुढच्या वेळेस' दोनदा लिहून गेलीय, एक काढा की. काका म्हणाले, तिनं दोनदा लिहिलंय. काकू पुढं वाचायला लागल्या, आणि काही पानांवर त्यांचा आवाज थांबायचा. तेव्हा काका नुसते कळफलकावर बोटं ठेवून बसायचे, वर बघायचे नाहीत.

एकशे बाराच्या पन्नास झाल्या, वीस झाल्या, चार झाल्या. शेवटी एक राहिली. तिची छापील प्रत कुणाकडेच नव्हती. सुई लावताना मूल घाबरतं त्यावर एका आईनं लिहिलेलं होतं. अर्ध्यात ते असं तुटलं होतं: सुई लावायच्या वेळी तिचा हात असा धरायचा की.

खाली सहा-सात बायकांनी लिहिलं होतं की हे करून पाहिलं, फार उपयोग झाला. काय करून पाहिलं ते कुणी पुन्हा लिहिलेलं नव्हतं. काकांनी त्यांना पत्रं लिहिली. एकीनं कळवलं, हाताबद्दल काहीतरी होतं, आता नीट आठवत नाही. लिहिणारीकडून मात्र ईमेलचं उत्तर नव्हतं. ते वाक्य काकांनी मनाला लावून घेतलं. जेवताना थांबून मला विचारायचे, काय असेल गं पुढं? एकशे अकरा परत मिळाल्या याचा आनंद त्यांना घेताच येईना.

शेवटी शिक्षिकाबाईंनी तिचा फोन नंबर मिळवून दिला. ती पानिपतला राहत होती, नवरा तिथल्या एका कारखान्यात होता. फोनवर नवरा बोलला. या म्हणाला, पण फार काही विचारू नका, मुलगी मार्चमध्ये गेली.

जावं की नाही यावर काका चार दिवस घोळ घालत होते. मला वाटतं, जायला नको होतं असंही असेल. पण पाचव्या दिवशी त्यांनी पत्र लिहिलं, आम्ही पुढच्या रविवारी येऊ, नको असेल तर कळवा, वाईट वाटून घेणार नाही. उत्तर आलं नाही. आम्ही बसनं गेलो. रस्ताभर ते दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसले होते.

नवऱ्यानं दार उघडलं. "काला अंब बघून आलात?" त्यानं विचारलं. तिकडे येणारा प्रत्येक मराठी माणूस पानिपतच्या लढाईचं ते स्मारक बघायलाच येतो.

"नाही," काका म्हणाले. "तुमच्याकडेच आलो."

ती तिशीतली असेल. पाणी दिलं, समोर बसली. मी माझं नाव सांगितलं आणि माफी मागितली. काकांनी खिशातून कागद काढून त्या अर्ध्या वाक्यापर्यंत वाचून दाखवलं. तिनं विचारलं, पुढं किती ओळी होत्या? काका म्हणाले, ठाऊक नाही, तेच तर. मग ती खाली बघत बोलायला लागली, शाळेत धडा म्हणावा तशी, एका लयीत.

"हात असा धरायचा की मनगट आपल्या तळहातावर पडलं पाहिजे, वरून दाबायचं नाही. आधी दोन्ही हातांत चोळून कोमट करायचा. आकडे मोजायला सांगायचं नाही. आकडे मोजले की मूल शेवटच्या आकड्याची वाट बघतं. वर्गातल्या मुलींची नावं विचारायची. सातव्या-आठव्या नावाला सुई आत गेलेली असते. नावं संपली तर पुन्हा पहिल्यापासून विचारायची, तिला कळतं, पण ती सांगते."

काका पेन्सिलीनं लिहीत होते. संपल्यावर त्यांनी सगळं तिला परत वाचून दाखवलं. तिनं मान हलवली. मग त्यांनी त्यांचा नियम तिला समजावून सांगितला: जुन्या नोंदीखाली ही वेगळी येईल, आजची तारीख पडेल, तुमच्याकडून तोंडी घेतली असं लिहू.

"आजची नको," ती म्हणाली. "आज मी हे कुणासाठी लिहीन? तेव्हाची घाला. तेव्हा ती शेजारी बसली होती."

काका म्हणाले, बघतो. हा शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकला.

परतीच्या बसमध्ये सोनीपत गेल्यावर त्यांनी पेन्सिलीनं लिहिलेला कागद काढून पुन्हा वाचला. मग म्हणाले, "एक तारीख हलवली, की बाकीच्या तारखांवर कुणी का विश्वास ठेवावा?" मी म्हटलं, मग नका हलवू. ते खिडकीबाहेर बघत राहिले. थोड्या वेळानं, मला नव्हे, स्वतःलाच म्हणाल्यासारखं, "तिला काय सांगू?" असं म्हणाले.

मंगळवारी सकाळी ऑफिसात मी फोरम उघडला. तुटलेल्या नोंदीखाली नवी नोंद आली होती, तिच्याच नावानं. तारीख जुनी होती, मागच्या वर्षीच्या श्रावणातली. वेळ तुटलेल्या नोंदीनंतर एका मिनिटाची. कुणाकडून घेतली, कधी भरली, काही लिहिलेलं नव्हतं. वाचणाऱ्याला वाटावं की बाईनं श्वास घ्यायला एक मिनिट थांबून वाक्य पुढं लिहिलं. काकांनी त्याबद्दल मला कधी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

त्यानंतर फोरमच्या बऱ्याच आवृत्त्या आल्या. मी नोकऱ्या बदलल्या, लग्न करून द्वारकेतच राहायला आले. आयांचा फोरम आता फार वापरला जात नाही, सगळ्या मोबाइलवरच्या गटांत गेल्या. तरी महिन्याकाठी एखादी नवी आई शोधत येते आणि जुनी पानं वाचते. दर आवृत्तीला तो मीच हलवते, आणि जुनी प्रत तीन महिने ठेवते. हलवताना तपासणीचा प्रोग्रॅम सगळ्या नोंदी चाळतो आणि दर वेळी एका जागी अडतो. क्रमांक नोंदी भरल्याच्या क्रमानं पडतात; एका नोंदीचा क्रमांक नंतरचा आणि तारीख आधीची आहे, जुळत नाही, तो सांगतो. क्रमांकाप्रमाणे तारीख दुरुस्त करू का? मी नाही म्हणते. मग तो पुढं जातो.

या वर्षी यादीवर नवीन मंडळी आहेत. हुशार आहेत, वागायला चांगली आहेत, काकांना त्यांनी पाहिलेलं नाही. पुढच्या आवृत्तीत तपासणीचा प्रोग्रॅम काही विचारणार नाही, चुकीच्या तारखा आपण होऊन सुधारेल, असं त्यांनी ठरवलं आहे. कुणालाच तो प्रश्न लागत नाही, असं त्यांचं म्हणणं. मी रोज रात्री झोपण्याआधी त्याचा विचार करते, आणि सकाळीही. माझ्यानंतर तो फोरम कोण हलवील आणि तो कुणाला विचारील, हेही त्यात येतं.

परवा मी हरकत नोंदवली. त्यासाठी एक अर्ज असतो. त्यात विचारलं होतं की हा प्रश्न ठेवायचा तर तो किती नोंदींसाठी. मी 'एक' लिहिलं. पडद्यावर तो आकडा फार लहान दिसत होता. तसाच पाठवला.